पंप बदलायचा की नाही?

मे महिन्यात वर्ध्यात भरदुपारी गाडी बंद करायची, तर ती पुन्हा चालू होईल याचा भरवसा पाहिजे. आमच्या डिझेल गाडीचा तो भरवसा हळूहळू उडत गेला. सकाळी देवळीहून निघताना हाफ सेल्फमध्ये चालू व्हायची. वर्ध्याला बँकेचं काम उरकून, आर्वी नाक्यावर कुणाला भेटून परत यावं, तर किल्ली फिरवल्यावर सेल्फ फिरतोय, फिरतोय, आणि इंजिन काही पकडत नाही. बॅटरी ठणठणीत, सेल्फचा जोर चांगला. अर्धा-पाऊण तास लिंबाच्या सावलीत उभी केली की काही झालंच नव्हतं अशी चालू.

माझं देवळीला कृषी केंद्र आहे. मे संपत आला की कपाशीचं बियाणं, सोयाबीन, खत यांच्या मागे नागपूरच्या चकरा सुरू होतात. अशाच एका चकरेत सेलूच्या अलीकडे ट्रकला ओव्हरटेक करताना मी पाय दाबला आणि गाडीने एकदम दम सोडला. इंजिनचा दिवा लागला, पिकअप गेला, वेग साठच्या वर जाईना. बाजूला घेतली, किल्ली बंद करून पुन्हा लावली, तर दिवा तसाच, पण गाडी बरी चालायला लागली. पाय सांभाळून दाबला तर चालते, जोरात दाबला तर रुसते, असं ते प्रकरण होतं.

वर्ध्यातल्या एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड निघाला पी ००८७. म्हणजे रेलमधलं, सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतलं, डिझेलचं प्रेशर पाहिजे त्याहून कमी. मिस्त्रीने पंपावर ओलं फडकं टाकलं, वरून गार पाणी सोडलं, थोडा वेळ थांबून सेल्फ मारला आणि गाडी चालू झाली. त्याने माझ्याकडे पाहिलं.

“साहेब, पंपच गेला. आता याच्यात पाहाचं काही राहिलं नाई.”

नवा हाय प्रेशर पंप चाळीस हजारांच्या पुढे, मजुरी वेगळी, आणि ‘नोझलबी पाहा लागतीन’ हे शेपूट वेगळं. गाडी एमएच ३२ पासिंगची, २०१२ ची, दीड लाखाच्या वर चाललेली. विकायला काढली तर किती येतील आणि पंपावर किती घालायचे, हा हिशेब मी तिथेच स्टुलावर बसून करायला लागलो. गाडीचं आणि कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण दोष त्यांचा नव्हताच.

तो मिस्त्री मला लुबाडत होता असं मी म्हणणार नाही. ओल्या फडक्याची युक्ती जुन्या पंपांच्या काळातली, आणि त्या काळात ती खरीही होती. पंप झिजला की तापलेलं पातळ डिझेल आतल्या आत निसटतं, गार केलं की थोडं घट्ट होऊन दाब धरतं. पण आमच्या गाडीत पंपावर पाणी टाकलं तेव्हा शेजारची नोझलंही गार झाली, रेलही झाली, आणि तेवढी दहा मिनिटंही गेली. गार झाल्यावर चालू होते हे खरं, पण काय गार झाल्यामुळे, हे त्यातून कळत नाही. शिवाय तापलेल्या धातूवर गार पाणी ओतणं मला कधीच पटलं नाही.

निर्णय दोन दिवसांवर ढकलून मी घरी आलो. हिंगणघाटचे आमचे साडू त्याच संध्याकाळी फोनवर म्हणाले, माझ्याही गाडीचा हाय प्रेशर पंप एकदा दाखवून घेऊ का? त्यांची गाडी साधी पेट्रोल. तिला तो पंपच नाही. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत टाकीत एक इलेक्ट्रिक पंप असतो, तो तीन-चार बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो, आणि ते सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारलं जातं. तेवढ्या कामाला तेवढा दाब पुरतो. अलीकडच्या काही टर्बो पेट्रोल गाड्यांत मात्र पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत मारतात. तिथे कॅमशाफ्टवर चालणारा वेगळा हाय प्रेशर पंप असतो आणि दाब दोनशे बारच्या वर जातो. डिझेलला तर त्याच्यावाचून गत्यंतरच नाही. डिझेल ठिणगीने पेटत नाही, दाबून तापलेल्या हवेत ते धुक्यासारखं बारीक होऊन गेलं पाहिजे. कॉमन रेल डिझेलमध्ये इंजिन चालू ठेवून गाडी नुसती उभी असतानाही रेलमध्ये अडीचशे-तीनशे बार असतात. पूर्ण जोर लावला की चौदाशे-सोळाशे. आपल्या कारच्या टायरमधली हवा जेमतेम सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज करा.

ही कॉमन रेलची पद्धत कारमध्ये पहिल्यांदा विकली गेली १९९७ मध्ये, इटलीच्या अल्फा रोमिओ १५६ या गाडीत. मुळात फियाटच्या गटात ती तयार झाली आणि पुढे बॉशकडे गेली. आपल्याकडे हीच बॉश पूर्वी मायको होती. नाशिकला त्यांचा नोझलचा कारखाना आणि त्यावरून पडलेलं मायको सर्कल आहेच. आमच्याकडच्या जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी ‘मायकोचा पंप’ अजून आहे, पण तो पंप वेगळा. त्यात प्रत्येक सिलिंडरला पंपातूनच मोजून डिझेल जायचं. पंप बिघडला की गाडी बिघडली, इतका सरळ हिशेब होता. कॉमन रेलमध्ये पंपाचं काम फक्त दाब तयार करून रेल भरून ठेवायचं. कधी आणि किती मारायचं ते संगणक आणि नोझल ठरवतात. त्यामुळे दाब कमी पडला तर दोषी तिघांपैकी कुणीही असू शकतो: पंपापर्यंत डिझेल नीट पोचवणारे, खुद्द पंप, किंवा पंपाने भरलेलं वाटेत गळू देणारे.

हे मला सांगितलं ते देवळीतल्याच एका पोराने. वर्ध्याच्या आयटीआयमधून मेकॅनिक डिझेलचा ट्रेड केलेला, काही वर्षं नागपूरला एका पंप-नोझलच्या लॅबमध्ये राहिलेला, आता गावात शेड टाकून बसलेला. त्याच्याकडे ट्रॅक्टर जास्त येतात, कार कमी. मी स्कॅनरचा कागद दाखवला तर त्याने तो बाजूला ठेवला.

“काकाजी, विहिरीवरची मोटर चालू हाय, अन् धुऱ्यापाशी पाणी येऊन नाई राहिलं, तर तुमी पयले मोटर बदलता का पाइप पाह्यता?”

“पाइप.”

“मंग हे बी तसंच. कोड फक्त सांगून राहिला का पाणी कमी हाय. मोटर जळाली असं तो कोठी म्हणते?”

त्याने सुरुवात टाकीकडून केली. आधी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पांढऱ्या स्टीलच्या वाटीत थोडं डिझेल घेतलं. पाणी असतं तर खाली वेगळा थर दिसला असता. तसा नव्हता. बोटांवर चोळून पाहिलं, उन्हात वाटी तिरपी करून पाहिली, खिशातलं छोटं लोहचुंबक तळाला फिरवलं. चमचम नाही. “हे चांगलं झालं,” एवढंच म्हणाला. कशासाठी चांगलं, ते मला नंतर कळलं.

फिल्टर बदलला, कारण तो तसाही काळा झाला होता. फरक पडला नाही. मग फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये त्याने पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. या नळीतून बुडबुडे जाताना दिसले तर वाटेत कुठेतरी हवा धरतेय, एखादी क्लिप सैल आहे, नाहीतर रबराची रिंग कडक झालीय. तसं असतं तर गाडीने सकाळी, रात्रभर उभी राहिल्यावर त्रास दिला असता, कारण उभ्या गाडीत डिझेल हळूहळू मागे उतरतं आणि हवा शिरते. आमची तर सकाळी शहाण्यासारखी वागायची. नळीतून डिझेल एकसंध जात होतं. गेज लावून टाकीतल्या पंपाचा दाबही पाहिला, तो ठीक. म्हणजे पंपाच्या अलीकडचं सगळं निर्दोष.

आता पलीकडचं. त्यासाठी त्याने मला दुपारी तीनला बोलावलं. म्हणाला, तापल्यावर दुखते तर तापल्यावरच पाहू. देवळीहून सावंगीपर्यंत जाऊन परत येऊन मी गाडी त्याच्या शेडमध्ये बंद केली. त्याने स्कॅनर लावला, पण कोड वाचायला नाही, आकडे पाहायला. सेल्फ मारताना रेलमधलं प्रेशर किती होतं ते पडद्यावर दिसत होतं: ८०, ९५, ११०, पुन्हा ९०. साधारण दीडशे-दोनशेच्या वर दाब गेल्याशिवाय संगणक नोझल उघडायची परवानगीच देत नाही. म्हणून सेल्फ फिरतो, धूरही येत नाही आणि इंजिन ढिम्म. धूर न येणं हीसुद्धा खूण आहे. डिझेल आत जातच नाही, तर धूर कशाचा येणार?

मग बाटल्या काढल्या. प्रत्येक नोझलच्या डोक्यावर एक बारीक परतीची नळी असते. नोझलच्या आतली झडप चालवताना थोडं डिझेल त्यातून टाकीकडे परत जातं, ते जायलाच पाहिजे. किती जातं, हा प्रश्न. पोराने चारही परतीच्या नळ्या काढून तिथे सलाईनच्या नळ्या बसवल्या आणि खाली चार सारख्या पारदर्शक बाटल्या टांगल्या. वर्ध्यात सावंगी आणि सेवाग्राम अशी दोन मोठी इस्पितळं असल्यावर सलाईनच्या नळ्यांना काय तोटा. गाडी थोडी निवू दिली, चालू केली आणि पुन्हा तापेपर्यंत तशीच चालू ठेवली. मग बाटल्या रिकाम्या करून घड्याळ लावलं.

पहिल्या मिनिटातच कळलं. एक, दोन आणि चार नंबरच्या नळीतून थेंब थेंब येत होता. तीन नंबरची धार तुटतच नव्हती. वेळ संपली तेव्हा तीन बाटल्यांच्या बुडाला बोटभर डिझेल होतं आणि तिसरी अर्धीच्या वर भरली होती. मी तिचा फोटो काढून ठेवला, तो अजून फोनमध्ये आहे.

मला वाटलं झालं. तो म्हणाला, अजून नाही. नोझल गळतं हे दिसलं, पण पंप चांगला आहे हे कुठे दिसलं? दोन्ही बिघडलेले असू शकतात. दोन्हींपैकी एक दुरुस्त करून गाडी तशीच राहिली तर माणूस आधी मिस्त्रीला शिव्या देतो. हे वाक्य मला त्याच्या सगळ्या हत्यारांपेक्षा आवडलं.

इंजिन बंद करून, रेलमधला दाब पूर्ण उतरू देऊन, त्याने रेलमधून तीन नंबरच्या नोझलकडे जाणारा स्टीलचा पाइप काढला आणि रेलच्या त्या तोंडावर टोपी घट्ट आवळली. त्या नोझलची वायरही काढली. इंजिन तापलेलंच होतं. आता सेल्फ मारायचा मान मला दिला. पडद्यावरचा आकडा ९० वर घुटमळला नाही. सरळ दोनशे, अडीचशे, तीनशेच्या वर गेला, आणि इंजिन चक्क चालू झालं. तीन सिलिंडरवर, अंग घुसळत, बॉनेट हलवत, पण चालू. तापलेलं असताना, एकही थेंब पाणी न टाकता.

“पाहा, पंप दाब बनवून राहिला. तो तीन नंबर पिऊन टाकत होता.”

एवढ्यावर पंप निर्दोष सुटला. पंप खरोखर झिजलेला असता तर चारही तोंडं टोपीने बंद केली तरी सेल्फवर दाब चढला नसता. तीच खरी कसोटी. ओलं फडकं नाही, कोड नाही, आवाजही नाही.

नोझल काढून नागपूरला लॅबमध्ये नेलं. त्यांच्या बेंचवर लावल्यावर वरच्या झडपेचा गोळा आणि त्याची बैठक झिजलेली निघाली. तेवढा संच बदलला, पुन्हा बेंचवर लावला, परतीचं माप बरोबर आलं. बसवताना खालची तांब्याची वॉशर नवीन टाकायची, आणि नोझलच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने इंजिनच्या संगणकात पुन्हा भरायचा, नाहीतर गाडी एका सिलिंडरवर खटखटते. सगळं मिळून सात हजारांच्या आत उरकलं. खरीप चालू होण्याआधी गाडी परत नागपूरच्या रस्त्याला लागली.

आता याची दुसरी बाजू सांगितली नाही तर हा लेख ‘पंप कधीच बदलू नका’ असा वाचला जाईल, आणि ते खोटं ठरेल. कारंजा घाडगेकडच्या माझ्या एका नातेवाइकाची मालवाहू पिकअप आहे, संत्र्याच्या दिवसांत ती रात्रंदिवस धावते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्यानंतरच्या हंगामात विरूळवरून वर चढलेल्या या गाडीचं डिझेल वाटेत संपलं. काटा खाली गेलेला ड्रायव्हरला दिसत होता, पण पुढे भरू म्हणून तो ओढत राहिला. गाडी गचके खात बंद पडली तरी त्याने सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवली. कॅनने डिझेल आणून टाकलं, हवा काढली, चालूही झाली. पण तिथून पुढे ती कधी धड चालली नाही.

तिच्या फिल्टरचं डिझेल त्याच पोराने तशाच पांढऱ्या वाटीत काढलं. या वेळी वाटी उन्हात तिरपी केली तर तळाला चांदीची पूड सांडल्यासारखं दिसलं. चुंबक फिरवल्यावर त्यातलं बरंचसं त्याला चिकटलं. तेव्हा मला त्याचं ‘चांगलं झालं’ कळलं. या पंपांना इंजिनचं ऑइल मिळत नाही, त्यांचं वंगण म्हणजे त्यातून जाणारं डिझेलच. आतला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातलं अंतर काही मायक्रॉनचं. डिझेल थांबलं आणि पंप फिरत राहिला की धातू धातूला खातो, आणि तो किस पुढे रेलमध्ये, तिथून चारही नोझलमध्ये जातो. परतीच्या डिझेलबरोबर टाकीतही जातो. चारही तोंडं बंद करून सेल्फ मारला तर दाब शंभरावर गेला नाही. तिथे पंप बदलायचाच होता, आणि नुसता पंप बदलून भागणार नव्हतं. टाकी उतरवून धुतली, रेल आणि लोखंडी पाइप बदलले, चारही नोझलं लॅबला गेली. तिथे कुणी पैसे वाचवायला फक्त पंप टाकला असता, तर टाकीत उरलेला किस नव्या पंपात गेला असता.

या पंपाचे आपल्याकडे हाल जास्त होतात, याला कारणं आपलीच आहेत. ट्रॅक्टरसाठी आणलेलं डिझेल खोलीत ड्रममध्ये पडलेलं असतं, झाकण उघडं, वर कपाशीच्या रेच्याची धूळ. त्याच ड्रममधून नळीने तोंडाने ओढून कारमध्येही टाकतात. एके काळी रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये मिसळून मेटाडोर चालवलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्या मायकोच्या पंपांनी ते निमूट सहन केलं. कॉमन रेल सहन करत नाही. रॉकेलला डिझेलसारखा बुळबुळीतपणा नाही, म्हणजे पंपाला वंगण नाही. वरून एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस ६ डिझेलमध्ये गंधक दहा पीपीएमवर आलं आहे. गंधक काढताना नैसर्गिक वंगणही कमी होतं, म्हणून ते कंपन्या वेगळं मिसळतात. त्यात आणखी कुणी रॉकेल घातलं की तो हिशेब बिघडला. काटा पाव टाकीच्या खाली जाऊ न देणं आणि फिल्टर वेळेवर बदलणं, एवढ्याने पुष्कळ काम होतं. उन्हाळ्यात तर टाकीतलं डिझेलही तापतं, आणि थोडं असलं की लवकर तापतं.

आणखी एक, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. इंजिन चालू असताना रेलचा किंवा नोझलचा स्टीलचा पाइप ढिला करून ‘डिझेल येतं का’ पाहायची जुनी सवय काही मिस्त्र्यांना अजून आहे. जुन्या पंपावरही ती धोक्याची होती. हजार बारची बारीक धार कातडी फोडून बोटात शिरते, वरून फक्त टाचणीचं भोक दिसतं, रक्तही येत नाही, आणि आत डिझेल पसरत जातं. असं झालं तर मलमपट्टी करून घरी बसायचं नाही, तडक इस्पितळ गाठायचं. अशा जखमेत काही तासांत बोट जाण्याची वेळ येते.

तुम्हाला कुणी ‘हाय प्रेशर पंप गेला’ म्हणून आकडा सांगितला, तर पैसे देण्याआधी त्याच्याकडून एवढं करून घ्या: फिल्टरमधलं डिझेल तुमच्यासमोर पांढऱ्या वाटीत काढायला सांगा, गाडीला जेव्हा त्रास होतो त्याच अवस्थेत सेल्फवरचं रेल प्रेशर दाखवायला सांगा, चारही नोझलच्या परतीचं माप घ्यायला लावा, आणि शेवटी रेलची तोंडं बंद करून दाब चढतो का ते पाहायला लावा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्याची मजुरी खुशीने द्या. आणि तरीही पंप बदलावाच लागला, तर जुना पंप पिशवीत घालून घरी आणा. चांगल्या लॅबमध्ये तो उघडून दाखवतात.